रोगाचा पत्ता

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एक बागायतदार गृहस्थ संध्याकाळच्या मिस्सानंतर आमच्याकडे आले. पत्नीच्या आजाराचा तपासणी-अहवाल त्यांच्या हातात होता. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा तपासून कोणा तज्ज्ञाने इंग्रजीत दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या. ‘‘फादर, डॉक्टर घाईत होते. धोका नाही म्हणाले. पण हे दोन शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत. टिश्यू म्हणजे तो हात पुसायचा कागद ना?’’ दुसरा शब्द होता ‘नेक्रॉसिस’. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो, वैद्यक नव्हे. तेव्हा जे ठाऊक होते तेवढे सांगून त्यांना धीर दिला आणि ते गेल्यावर पुस्तके उघडली. त्या दोन शब्दांच्या मागे अडीच शतकांचा इतिहास उभा आहे, आणि त्यात आपल्या ख्रिस्तसभेतील माणसांचाही वाटा आहे. काही मानाचा, काही तितकासा मानाचा नाही. त्याची हकीगत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्या गृहस्थांचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. ‘टिश्यू’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला व तेथे त्याचा अर्थ विणलेले वस्त्र असाच आहे. मराठी परिभाषाकारांनी त्यासाठी ‘ऊती’ हा शब्द योजला, त्याच्याही मुळाशी विणणेच आहे. आपण ‘ओतप्रोत’ म्हणतो त्यातील ‘ओत’ याच धातूतला. आडवे-उभे धागे एकमेकांत गुंतावेत तसा आपला देह विणला गेला आहे, ही कल्पना दोन्ही भाषांत सारखीच आहे.

मात्र देहाकडे या दृष्टीने पाहणे माणसाला फार उशिरा सुचले. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून युरोपात रोग म्हणजे शरीरातील चार द्रवांचा बिघडलेला तोल, असे मानीत. आपल्याकडील वात, पित्त, कफ ही कल्पना ज्यांना परिचयाची आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. द्रव सर्व देहभर वाहतात, म्हणून रोगही सर्व देहाचा. त्याला राहण्याचे ठिकाण नाही. हे ठिकाण शोधण्याचा हट्ट प्रथम धरला तो इटलीतील पादुआ विद्यापीठाचे प्राध्यापक ज्योव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी यांनी. १७६१ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांनी रोगांची स्थाने व कारणे यांविषयीचा आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. सत्तर पत्रांच्या रूपाने लिहिलेल्या त्या ग्रंथात सुमारे ७०० शवविच्छेदनांची नोंद आहे. रोगी जिवंत असताना काय तक्रार करीत होता आणि मरणोत्तर कोणता अवयव बिघडलेला आढळला, या दोहोंची सांगड त्यांनी रुग्णामागून रुग्ण घेऊन घातली. मोर्गान्यी धर्मनिष्ठ गृहस्थ होते, त्यांच्या मुलींपैकी आठजणी व्रतस्थ भगिनी झाल्या. रोगाला त्यांनी पत्ता मिळवून दिला खरा; परंतु तो गावापर्यंतच पोहोचत होता. हृदय, यकृत, फुप्फुस. गल्ली आणि घर अजून शोधायचे होते.

ती गल्ली शोधणारा तरुण म्हणजे मारी फ्रान्स्वा झाव्हिए बिशा. १७७१ साली फ्रान्सच्या डोंगराळ ज्युरा भागातील थ्वारेत या गावी तो जन्मला. लिआँ येथे शिक्षण घेऊन १७९३ मध्ये, राज्यक्रांतीची दहशत ऐन भरात असताना, तो पॅरिसला आला आणि ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयात देसो या नामवंत शल्यवैद्याच्या हाताखाली काम करू लागला. देसोंनी या विद्यार्थ्याला आपल्या घरीच ठेवून घेतले. १७९५ मध्ये गुरू वारले. त्यांचे अपुरे लिखाण बिशाने पुरे करून प्रसिद्ध केले आणि मग स्वतःच्या कामाला लागला. त्याच्या हाताशी उरली होती जेमतेम सात वर्षे.

बिशाच्या मनात घोळत असलेला प्रश्न साधाच होता. फुप्फुसावरचे आवरण, पोटातील आतड्यांवरचे आवरण आणि हृदयाभोवतीची पिशवी हे तीन वेगळ्या अवयवांचे भाग, एकमेकांपासून दूर. परंतु त्यांना सूज आली की तिन्ही ठिकाणी पाणी साठते, तिन्ही ठिकाणी पटल जाड होते, आजूबाजूला चिकटते. उलट एकाच हृदयात बाहेरची पिशवी बिघडलेली असून आतील स्नायू धडधाकट असतो, तर कधी स्नायू बिघडून पिशवी निरोगी राहते. मग रोग अवयवाला होतो असे कसे म्हणावे? रोग होतो तो त्या अवयवाच्या विणीतील एखाद्या विशिष्ट वस्त्राला, आणि तेच वस्त्र दुसऱ्या अवयवात असेल तर तेथेही तो त्याच रीतीने वागतो. पिनेल या ज्येष्ठ वैद्याने याची काहीशी चाहूल आधीच दिली होती. पण ती कल्पना हातात घेऊन सबंध शरीर उसवून पाहिले ते बिशाने.

‘उसवून’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. एका हिवाळ्यात त्याने सहाशे प्रेते उघडली असे त्याचे समकालीन सांगत. शवगृहाच्या शेजारीच त्याचा मुक्काम असे. प्रत्येक भाग तो पाण्यात भिजवी, उकळी, वाळवी, कुजू देई, त्यावर आम्ल व क्षार टाकून पाही. कोणते वस्त्र विरघळते, कोणते आकसते, कोणते टिकून राहते यावरून त्यांच्या जाती ठरवी. अशा २१ ऊती त्याने मोजल्या : हाडाची, कूर्चेची, तंतूंची, केसांची, ग्रंथींची, स्नायूंच्या दोन, मज्जातंतूंच्या दोन आणि इतर. १८०१ साली हे सारे चार खंडांत छापले गेले. आश्चर्य असे की या सर्व कामात त्याने सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही. त्या काळच्या भिंगांतून रंगीत कडा दिसत, प्रत्येकाला काहीतरी निराळेच भासे, म्हणून त्याचा त्या यंत्रावर विश्वास नव्हता. पुढे ते यंत्रच मोलाचे ठरले. तरीही त्या वेळच्या भिंगांपुरता त्याचा अविश्वास आम्हाला रास्त वाटतो.

मरणाविषयीही बिशाने फार खोल विचार केला. जीवन व मरण यांवरील त्याचा ग्रंथ १८०० सालचा. मरणाला थोपवून धरणारी जी कार्ये देहात चालतात त्यांच्याच बेरजेला तो जीवन म्हणे. मरण हृदयापासून, फुप्फुसापासून की मेंदूपासून सुरू होते, एक थांबले की बाकीची दोन कोणत्या क्रमाने थांबतात, हे त्याने प्राण्यांवर प्रयोग करून व गिलोटिनखाली शिरच्छेद झालेल्यांच्या देहांचे निरीक्षण करून मांडले. क्रांतीने पॅरिसला असे देह मुबलक पुरवले होते. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यातून निघालेले सत्य असे की माणूस एका क्षणी संपूर्ण मरत नाही. काही भाग आधी मरतात, काही मागाहून. आजारी माणसाच्या उशाशी बसण्याचा ज्यांना सराव आहे त्यांना हे पुस्तकाविना ठाऊक असते.

१८०२ च्या जुलैत ओतेल-द्यूच्या जिन्यावरून बिशा पडला, ताप चढला आणि २२ जुलै रोजी तो गेला. वय अवघे तीस. नेपोलियनचे वैद्य कोर्व्हिझार यांनी आपल्या धन्याला पत्र लिहून या तरुणाची थोरवी कळवली, आणि देसो व बिशा या गुरुशिष्यांच्या नावाचा स्मृतिलेख त्या रुग्णालयात बसविण्याची आज्ञा झाली. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर जी ७२ नावे कोरलेली आहेत त्यांत बिशाचे नाव आहे.

आता घर शोधायचे होते. भिंगे सुधारली, विशेषतः लंडनच्या जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० मध्ये रंगदोष टाळणारी भिंगे रचण्याची रीत दाखवल्यानंतर. बर्लिनमध्ये योहानेस म्युलर हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. कोब्लेंझच्या एका पादत्राणे शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा, जन्माने कॅथलिक, एके काळी धर्मगुरू होण्याचा विचार केलेला. त्यांचा साहाय्यक थिओडोर श्वान हाही कॅथलिक, नॉइस गावचा, अत्यंत लाजाळू व भाविक. श्वानचा मित्र श्लायडन वनस्पतींचा अभ्यासक. एकदा जेवताना श्लायडनने वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाची गोष्ट काढली आणि श्वानला आठवले की अगदी तसेच गोल केंद्रक आपण प्राण्याच्या पृष्ठरज्जूत पाहिले आहे. दोघे जेवण आटोपून थेट प्रयोगशाळेत गेले. १८३९ मध्ये श्वानचा ग्रंथ बाहेर पडला. झाड असो वा जनावर, सर्वांची घडण पेशींची, हा त्याचा निष्कर्ष.

पेशीसाठी युरोपीय भाषांत जो शब्द रूढ झाला तो रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात दिसलेल्या पोकळ्यांना दिला होता. लॅटिनमध्ये ‘सेल्ला’ म्हणजे लहानशी खोली. मठवासी साधूंच्या खोलीलाही तोच शब्द आहे. श्वानने बिशाच्या ऊतींची नव्याने मांडणी केली. रक्तात पेशी सुट्या तरंगतात. कातडी व नखे यांत त्या एकमेकींना चिकटून बसतात. हाड व कूर्चा यांत त्यांच्या भिंती भोवतालच्या द्रव्यात मिसळतात. कंडऱ्यांत त्या लांबून तंतू होतात. स्नायू व मज्जातंतूंत त्या परस्परांत विलीन होतात. असे त्याचे पाच वर्ग होते. आज शाळेच्या पुस्तकात चार शिकवतात : अभिस्तर, संयोजी, स्नायू व चेता. देहाचे अस्तर, देहाचा आधार, देहाची हालचाल आणि देहाची जाणीव, असे आम्ही बागायतदार गृहस्थांना सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

श्वानची एक चूक झाली. मिठाच्या पाण्यात स्फटिक धरावेत तशा पेशी आकारहीन द्रवातून आपोआप घडतात, असे त्याला वाटे. ही चूक दुरुस्त केली रॉबर्ट रेमाक यांनी. पेशी दुभागून पेशी होते, हे त्यांनी १८५२ मध्ये मांडले. रेमाक पोझेनचे ज्यू. त्यांनी बाप्तिस्मा घेण्यास नकार दिला म्हणून प्रशियाच्या विद्यापीठाने त्यांना पूर्ण प्राध्यापकपद कधीच दिले नाही. विश्वासाची सक्ती करून ख्रिस्ताचे नाव मोठे होते असे ज्या राज्यकर्त्यांना वाटत असेल त्यांच्यापुढे हे उदाहरण ठेवावे.

रेमाक यांचे सूत्र जगभर गेले ते मात्र रुडॉल्फ विर्शो यांच्या नावाने. म्युलरांचेच विद्यार्थी. १८४८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, प्रशिया सरकारने त्यांना वरच्या सिलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यास पाठवले. तेथील रहिवासी पोलिश भाषिक गरीब कॅथलिक होते. विर्शोंनी परतून लिहिले की येथे औषधापेक्षा शिक्षण, स्वातंत्र्य व भाकरीची गरज आहे. त्यांनी सरकारला दोष दिला, जमीनदारांना दिला आणि लोकांना अज्ञानात ठेवल्याबद्दल धर्माधिकाऱ्यांनाही दिला. तो भाग आम्हाला बोचतो. परंतु उपाशी लोकांमध्ये हिंडून लिहिलेला अहवाल आहे तो, बोचला तरी वाचावा.

१८५८ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बर्लिनमध्ये विर्शोंनी वीस व्याख्याने दिली व त्याच वर्षी ती ग्रंथरूपाने आली. रोग म्हणजे पेशीचे बिघडलेले जीवन, हा त्यांचा सिद्धान्त. पेशी ही त्यांच्या दृष्टीने एका राज्यातील नागरिक होती आणि देह म्हणजे नागरिकांचे राज्य. इजा झालेली पेशी लगेच मरत नाही, हेही त्यांनी दाखवले. आधी ती फुगते व गढूळ दिसते, कधी तिच्यात मेदाचे थेंब साचतात. काही पेशी हळूहळू झिजून संपतात, तर काही ठिकाणी सबंध भाग एकदम मरून पडतो. या दोन प्रकारच्या मरणांना त्यांनी निरनिराळी नावे ठेवली होती. तो भेद पुढे शंभर वर्षे जवळजवळ विस्मृतीत गेला.

याच विर्शो व श्वान यांची गाठ एका खेड्यातील मुलीच्या जखमांवरून पडली. बेल्जियममधील ब्वा-देन या गावी लुईझ लातो नावाची गरीब शिवणकाम करणारी तरुणी राहत असे. १८६८ पासून दर शुक्रवारी तिच्या हातापायांतून व कुशीतून रक्त येऊ लागले. गर्दी लोटली. १८६९ च्या २६ मार्चला, शुभ शुक्रवारी, धर्माधिकाऱ्यांच्या निमंत्रणावरून श्वान तेथे गेले. त्या वेळी ते लिएज येथे प्राध्यापक होते. त्यांनी पाहिले आणि ते परतले. त्यानंतर वृत्तपत्रांतून व पुस्तकांतून पसरले की पेशीसिद्धान्ताच्या जनकाने हा चमत्कार असल्याचे मान्य केले. श्वान यांनी तसे म्हटलेच नव्हते. तिकडे जर्मनीत बिस्मार्क सरकार व ख्रिस्तसभा यांचा झगडा पेटला होता. त्या झगड्याला ‘संस्कृतिसंघर्ष’ या अर्थाचे जर्मन नाव १८७३ मध्ये दिले तेही विर्शोंनीच. १८७४ च्या सप्टेंबरात ब्रेस्लाउ येथील शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी चमत्कार या विषयावर भाषण केले आणि लातो प्रकरणात एक तर लबाडी आहे नाही तर चमत्कार, असा पेच टाकला. श्वान यांच्या नावाचीही ओढाताण झाली. अखेर १८७५ मध्ये त्या अबोल माणसाने आपले म्हणणे स्वतंत्र पुस्तिकेत छापले : मी काय पाहिले, काय केले आणि काय म्हटले नाही.

त्याच वर्षी बेल्जियमच्या वैद्यक अकादमीतर्फे डॉ. वार्लोमाँ यांनी त्या मुलीचा हात काचेच्या नळकांड्यात मोहोरबंद करून तपासला. रक्तस्राव खरा आहे, बाहेरून कोणी केलेला नाही, असे त्यांना आढळले. कारण मात्र त्यांनी मज्जासंस्थेच्या विकारात शोधले. म्हणजे विर्शोंचा पेच दोन्ही बाजूंनी अपुरा ठरला. आम्हाला खंत वाटते ती वेगळी. श्वानसारख्या भाविक माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले वाक्य घातले ते आपल्याच पक्षाच्या लोकांनी, श्रद्धेच्या भल्यासाठी म्हणून. १८८२ मध्ये ते कोलोन येथे वारले, शेवटपर्यंत ख्रिस्तसभेशी एकनिष्ठ राहून.

आता पुन्हा त्या दुसऱ्या शब्दाकडे, नेक्रॉसिसकडे वळू. विर्शोंचे शिष्य कोनहाइम व त्यांच्यानंतर वायगर्ट यांनी रक्त बंद पडलेल्या भागाचे काय होते ते पाहिले. ऊतीचा प्रकार बदलला की मरणाची रीतही बदलते, हा बिशाचा धागा येथे पुन्हा हाती लागतो. हृदयाचा स्नायू किंवा मूत्रपिंड मेले तर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे ते घट्ट होते, पेशींच्या आकृती काही दिवस तशाच दिसत राहतात. मेंदू मात्र मेला की विरघळतो, तेथे पाण्याची पोकळी राहते. क्षयाने मेलेला भाग चीजसारखा भुसभुशीत होतो.

पेशीच्या आत काय घडते तेही आज ठाऊक आहे. प्राणवायू थांबला की पेशीची ऊर्जा संपते. तिच्या पटलावर क्षार बाहेर फेकणारे जे पंप असतात ते बंद पडतात, क्षार व पाणी आत शिरते आणि पेशी फुगते. विर्शोंना दिसलेली सूज ती हीच. येथपर्यंत परतीची वाट उघडी असते. रक्त पुन्हा वाहू लागले तर पेशी सावरते. हृदयाचा स्नायू वीस ते चाळीस मिनिटे अशी तग धरतो, मेंदूच्या पेशी काही मिनिटेच. ती वेळ टळली की पटल फाटते, कॅल्शियम आत घुसते, पेशीतील पाचकद्रव्ये तिलाच खाऊ लागतात, केंद्रक आकसून विरते आणि आतले सारे बाहेर सांडते. छातीत दुखू लागल्यावर रुग्णालयात ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात, ती या सांडलेल्या द्रव्याचीच मोजणी. मरणाऱ्या पेशींची ही पावती आपल्या धर्मग्रामातील किती घरांत आली असेल! छातीत कळ आल्यावर सोडा पिऊन सकाळपर्यंत वाट पाहणाऱ्यांनी त्या वीस ते चाळीस मिनिटांचा हिशेब ध्यानात ठेवावा.

मेलेल्या पेशींची जागा कोण घेणार, हेही ऊतीवर अवलंबून असते. इटलीचे बित्सोत्सेरो यांनी १८९४ मध्ये तीन वर्ग केले. कातडी व आतड्याचे अस्तर नित्य नवे होत राहते. यकृतासारखे अवयव एरवी स्वस्थ असतात, गरज पडली की वाढतात. हृदयाच्या व मेंदूच्या पेशी मात्र गेल्या की जवळजवळ गेल्याच, तेथे व्रण उरतो.

आणि तो विस्मृतीत गेलेला भेद? १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे जॉन कर यांनी उंदराच्या यकृताला येणारे रक्त कमी करून पाहिले. काही पेशी नेहमीप्रमाणे फुगून फुटल्या. परंतु काही एकट्यादुकट्या पेशी आकसल्या, त्यांचे पटलबंद तुकडे झाले आणि शेजारच्या पेशींनी ते गिळून टाकले. सांडलवंड नाही, सूज नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील वायली व करी यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये हे प्रसिद्ध केले. तेथील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी नाव सुचवले, ॲपॉप्टॉसिस, म्हणजे झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे. आमच्या देवळाच्या अंगणातील देशी बदामाची पाने लाल होऊन गळतात तशी. वादळात फांदी मोडते ते निराळे.

कितीतरी वर्षे त्या लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे सल्स्टन व हॉर्व्हिट्झ यांनी मातीतील एका मिलिमीटरभर जंताचा पेशीन् पेशी माग काढला. त्याच्या देहात १०९० पेशी जन्मतात आणि त्यांतील १३१ ठरलेल्या वेळी मरतात, दर जंतात त्याच. त्या मरणाची जनुके सापडली, तशीच माणसातही आहेत असे दिसले. ब्रेनर यांच्यासह दोघांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या पेशी अशा मरणाचा निरोप ऐकत नाहीत त्यांतून कर्करोग माजतो, हेही आता प्रस्थापित झाले आहे.

ईस्टरनंतर ते गृहस्थ पुन्हा आले. पत्नी बरी होती, घरी आली होती, स्वयंपाकही करू लागली होती. आम्ही त्यांना सांगितले की गर्भात मुलाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो, आणि मधल्या पेशी आपसूक मरतात तेव्हा पाच बोटे सुटी होतात. त्यांनी आपला हात दिव्यापुढे धरला, बोटे फाकवली आणि कुदळीने घट्टे पडलेल्या त्या बोटांमधून बराच वेळ पाहत राहिले.